बीबीजानची बिनगाडीची सीट

परळीत अंबाजोगाई रस्त्याला ‘मैनुद्दीन कुशन वर्क्स’ अशी पाटी आहे. मैनुद्दीन जाऊन बरीच वर्षं झाली. पाटी त्याची राहिली, दुकान त्याच्या बायकोचं झालं. तिचं नाव बीबीजान. ट्रक, टँकर, ट्रॅक्टर, जे येईल त्याची सीट ती बांधते. फोम कापते, रेक्झिन शिवते, आणि नवरा गेल्यावर वेल्डिंगसुद्धा शिकली. हातावर ठिणग्यांचे डाग, जिभेवर काटे. घरात दखनी, दुकानात मराठी आणि भांडणात दोन्ही, असा तिचा कारभार.

मी अंगद. थर्मल वीज केंद्राची राख वाहणारा टँकर मी उभा जन्म चालवला आणि कंबर त्यात घालवली. आता घरी करमत नाही आणि मी घरात असलो की सुनेलाही करमत नाही, म्हणून दिवसभर बीबीजानच्या दुकानात बसतो. नवी सीट तयार झाली की आधी माझं बूड तिच्यावर टेकवायचं, अशी तिथली पद्धत आहे. लोक मला रिकामटेकडा म्हणतात. म्हणोत. दुखऱ्या कमरेला सीटमधली खोट चटकन कळते, एवढंच माझं भांडवल.

या दुकानाची एक रीत आधी सांगितली पाहिजे. मैनुद्दीनची ती शिकवण. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं की आधी नाही म्हणायचं, त्यात काय बिघडेल ते तोंडावर सांगायचं, हुज्जत घालायची. गिऱ्हाइकानं हट्टच धरला तर मग त्याच्या मनासारखं करायचं, कारण शेवटी बूड त्याचं. मैनुद्दीन हे हळू आवाजात करायचा. बीबीजान रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं करते.

‘भाभी, जरा मऊ करा, गादीसारखी,’ असं कुणी म्हणायचा अवकाश.

‘गादी पायजे तर घरी झोप की! गाडी कावून चालवतोस? आरं, पहिल्या मिनिटाला गोड लागणारी सीट शेवटच्या तासाला रडवती. मला इचार. न्हाईतर ह्या अंगदभाऊला इचार, बघ कसा वाकडा बसलाय!’

ड्रायव्हर लोकांना याची सवय झाली होती. बीबीजान भांडली म्हणजे काम मनावर घेतलंय, असंच ते समजायचे. नवा ड्रायव्हर तोंड पाडून बाहेर आला की जुने त्याच्या पाठीवर थाप मारायचे. ती गोड बोलायची ती फक्त ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्याशी. असा माणूस दुकानात आला की ‘जी’, ‘हो जी’, ‘बसा जी’. मी तिचं ‘जी’ ऐकलं की चहाचा कप खाली ठेवतो.

तिचा मुलगा कामरान. एकुलता एक, आईसारखाच तोंडाचा फटकळ आणि बापासारखा हाताचा सरळ. त्याचा दोस्त युवराज, हार्डवेअरवाल्याचा मुलगा. शाळेत दोघं एका बाकावर होते. युवराज या दुकानात लहानाचा मोठा झाला. बीबीजानच्या हातची खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाल्ला, आणि तिच्या शिव्याही खाल्ल्या. तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, ती त्याला गधड्या म्हणायची.

या युवराजनं स्टेशन रोडला गेमिंग सेंटर काढलं. मोठा स्क्रीन, टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग, खाली ब्रेक-ॲक्सिलेटरची पेडलं, आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची. गाडी पळते ती पडद्यावर. पण त्या स्टिअरिंगमध्ये मोटर असते, वळणावर ती हात उलटा ओढते, आणि ब्रेकवर खऱ्या गाडीसारखा पाय रोवावा लागतो. पाय रोवला की प्लास्टिकची खुर्ची मागच्या भिंतीला जाऊन धडकायची. एक जण खुर्चीसकट उताणा पडला तेव्हा युवराज धावत आला, ‘खाला, कायतरी करा.’

‘गधड्या, गाडी न्हाई, रस्ता न्हाई, आन तुला सीट पायजे?’ बीबीजान म्हणाली. त्याच दिवशी तिनं त्या सीटचं नाव ‘बिनगाडीची सीट’ ठेवलं आणि त्याच दिवशी कामराननं चौकोनी पाइप कापायला घेतला.

मायलेकांची जी जुंपली ती मी जन्मात विसरणार नाही. कामरानला सीट अगदी खाली पाहिजे होती, रेसच्या गाडीसारखी, पाय पुढं लांब. तो म्हणायचा, खाली बसलं की ब्रेकचा जोर सरळ पाठीत जातो आणि माणूस हलत नाही. उंच बसवलं तर ब्रेक दाबताना बूडच वर उचलतं. बीबीजानला टँकरसारखी उंच पाहिजे होती. ती म्हणायची, खाली बसलं की पोट छातीशी येतं, श्वास कोंडतो, आणि उठवायला दोन माणसं लागतात. दोघांचंही खरं होतं, तीच तर पंचाईत. मधल्या मध्ये मी. माझ्या बुडाखाली विटा घालायचे, काढायचे. इकडून ‘अंगदचाचा, पाय दाबा’, तिकडून ‘अंगदभाऊ, पाठ काय म्हणती?’ डबे तसेच गार व्हायचे. शेवटी सीट मधल्याच उंचीवर थांबली, पाठ जराशी मागं कलली, आणि आपणच जिंकलो असं दोघांनीही ठरवून टाकलं.

स्क्रीनचं तसंच. कामराननं आधी तो सीटच्याच सांगाड्यावर बसवला. मोटर थरथरली की चित्रही थरथरायचं, मला तर मळमळलं. वेगळा स्टँड केला तर थरथर गेली, पण सीट जरा हलली की स्क्रीन पुन्हा समोर धरून जुळवायचा ताप आला. ‘एक घेतलं की एक सोडावं लागतं, बेटा,’ असं बीबीजान म्हणाली, आणि हे ती भांडण संपल्यावरच्या आवाजात म्हणाली. फोम कडक घातला. युवराज बसला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, ‘खाला, दगड भरला का काय?’

‘आत्ता दगडच हाय. दोन तास खेळ, मग उठून सांग.’

दोन तासांनी तो उठला तो सरळ नाचतच. कंबर नाही, पाठ नाही, मान नाही, काही दुखलं नव्हतं.

एकच चूक झाली. सांगाडा हलू नये म्हणून जाड पाइप घेतला होता, म्हशीएवढं वजन झालं होतं, आणि रुंदी मोजताना सेंटरचं दार कुणाच्याच ध्यानात आलं नाही. भांडायच्या नादात मोजायचंच राहिलं! दाराची चौकट काढून ती सीट आत घातली. बीबीजान आठवडाभर हसत होती.

पोरं रांग लावायला लागली. युवराजनं व्हिडिओ टाकले, पुण्याहून विचारणा आली. कामराननं आणखी सीटा केल्या, युवराजनं त्यांच्यावर आपल्या सेंटरची पट्टी लावून विकल्या. कामरानचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. तो म्हणायचा, विकायला तोंड लागतं, ते युवराजकडं आहे.

मग पुण्यात कसलंसं प्रदर्शन भरलं. युवराज एकटाच गेला. त्याचा व्हिडिओ आम्ही तिघांनी दुकानात जेवताना फोनवर पाहिला. एका मुलीनं त्याला विचारलं, हे कुणी बनवलं? युवराज म्हणाला, ‘डिझाइन संपूर्ण माझं. वर्षभर डोकं घातलंय यात. बाकी काय, गावाकडं वेल्डर असतात, दाखवलं तिथं टाके मारतात.’ त्याच्या मागं स्क्रीनवर कामरानचा हात दिसत होता, वेल्डिंग करताना. हातच. चेहरा कापलेला.

कामराननं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. भांडला नाही, आणि त्या घरात न भांडणं म्हणजे काय हे मी वर सांगितलंच आहे. संध्याकाळी त्यानं मशीनची केबल गुंडाळली, दुकानात नमुन्याला ठेवलेल्या सीटवर चादर टाकली, आणि त्याच आठवड्यात चाकणला एका कारखान्यात लागला. तिथं तो गाड्यांच्या सीटचे बोल्ट आवळायचा. दिवसभर तोच बोल्ट.

त्या दिवसापासून बीबीजानच्या पोटात आग पेटली. रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून शटर वर करायची आणि लगेच युवराजचा उद्धार सुरू. त्याच्या सात पिढ्या, त्याचं सेंटर, त्याची जीभ, काही सोडायची नाही. मी एकदा म्हटलं, ‘भाभी, लेकाला फोन लावा, परत बोलवा.’

‘येत न्हाई तो. म्हणतो, वेल्डरच हाय ना मी, कुठंबी मारतो टाके.’ तिनं कात्री रेक्झिनवर आपटली. ‘त्या युवराजच्याच तोंडातून माझ्या लेकाचं नाव निघालं पायजे. चार माणसांत! तोवर मी मरायची न्हाई.’

मला तिचं पटत होतं. क्षमा वगैरे मोठ्या गोष्टी ज्यांच्या पाठी धड आहेत त्यांनी कराव्यात. मला तर तो युवराज रस्त्यात दिसला तरी काठी सरसावावी वाटायची.

वर्ष गेलं. आणि एके दिवशी युवराज स्वतःच्या पायानं दुकानात आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. दुसरीकडून करून घेतलेल्या सीटा डगमगत होत्या, गिऱ्हाइकं बोंबलत होती. बीडला एका मंगल कार्यालयात त्यानं शर्यत ठेवली होती, दोन तासांची, पुण्या-संभाजीनगरचे दुकानदार बघायला येणार होते, आणि नव्या मॉडेलवर तो स्वतः बसणार होता.

‘खाला, झालं गेलं इसरा,’ तो म्हणाला.

मी कान टवकारून बसलो. आता ही याला फाडून खाणार.

‘या साहेब,’ बीबीजान म्हणाली. ‘बसा जी.’

मी कप खाली ठेवला.

‘पुण्यात लोकांची घरं लहान, खाला. फोल्ड व्हायला पायजे. पलंगाखाली जायला पायजे.’

‘जी साहेब.’

‘चारी कोपऱ्याला चाकं. हलकं पायजे, एका हातानं ढकललं तर जावं.’

‘जी.’

‘बैठक लई खाली घ्या, रेसच्या गाडीसारखी. आन मऊ! मागची दगड होती. स्क्रीन त्याच्यावरच बसवा, वेगळा स्टँड नको. लाल रेक्झिन लावा, चमकतं ते.’

‘म्हणाल तसं, साहेब.’

युवराज जरा थांबला. लहानपणापासून या दुकानात शिव्या खाल्लेला माणूस, त्याला कळायला पाहिजे होतं. पण कुणी साहेब म्हणायला लागलं की माणूस पुढचं ऐकायचं सोडतो. ‘खाला, तुमी लई बदलल्या,’ तो खूश होऊन म्हणाला.

‘वय झालं, साहेब.’

तो गेल्यावर मी तिच्याकडं बघितलं. तिनं खडू घेतला आणि फरशीवर रेघा मारल्या. ‘बघा अंगदभाऊ. फोल्ड पायजे ना? फक्त पाठ फोल्ड करायची. सीटपासून पेडलपातूर पाइप एकच ठेवायचा, तिथं बिजागरी घातली तर ब्रेक दाबला की मान टाकणार. चाकं पायजेत ना? एकाच टोकाला लावायची, दुसरं टोक उचलून हातगाड्यासारखं न्यायचं. खाली ठेवलं की लोखंडी पायावर बसंल, हलायचं न्हाई.’

मी थक्क झालो. लहान घराचंही भागत होतं आणि माणसाच्या पाठीचंही. ती आणि युवराज भांडले असते तर अर्ध्या तासात इथंच येऊन पोचले असते.

‘आन हे त्याला सांगणार?’

‘कुणाला?’ ती म्हणाली आणि पायानं खडू पुसून टाकला.

मला लई आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

सीट तिनं एकटीनं बांधली. काम असं की बोट ठेवायला जागा नाही. टाका पक्का, शिलाई दोरीत, बिजागऱ्या जाड. लबाडी कुठंच नव्हती. ती फक्त गप्प बसली होती. मी बसून पाहिलं तर पहिल्या मिनिटाला जीव सुखावला, आईच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं फोम बसला आणि खालचा पाइप माझ्या माकडहाडाची चौकशी करायला लागला. ‘भाभी, ह्याच्यावर दोन तास?’ मी विचारलं.

‘शेंगा घेऊन जाऊ आपण. बघत खाऊ,’ ती म्हणाली.

युवराज न्यायला आला, बसला, उठला, ‘एक नंबर!’ म्हणाला. तिनं ‘मेहेरबानी साहेब’ म्हटलं. तो पाया पडला. पडताना मला त्याची थोडी कीव आली, पण ती टिकली नाही.

शर्यत रविवारी सकाळी होती. बीबीजाननं ईदचा ड्रेस घातला, अत्तर लावलं, आणि आम्ही परळीहून बसनं बीड गाठलं. मंगल कार्यालयात लग्नापेक्षा जास्त गर्दी. स्टेजवर एका ओळीत सीटा आणि मधोमध युवराजची लाल सीट, खाली लाल दिवे लावलेली. पुण्याचे पाहुणे पहिल्या रांगेत. आम्ही त्यांच्या मागं.

सुरुवातीला युवराज पुढं होता. पोरं शिट्या मारत होती. बीबीजान शेंगा सोलत होती, एक मला, एक स्वतःला. मी म्हटलं, ‘ह्याला तर काहीच होईना, भाभी.’ ती म्हणाली, ‘फोमला बसू द्या.’

फोम बसला. युवराज आधी डाव्या कुल्ल्यावर गेला, मग उजव्या. मग ब्रेकवर पाय रोवला की सांगाड्याची पुढची बाजू मान डोलवायला लागली. ब्रेक हवा तिथं लागेना म्हणून त्यानं आणखी जोर लावला, आणि जोर लावला तशी चाकं कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर मागं सरकायला लागली. चाकांना लॉक होतं, पण लॉक बिचारं किती धरणार? स्टिअरिंगची मोटर ओढायला लागली की वरचा स्क्रीन थरथरायचा. रेक्झिन घामानं निसरडं झालं आणि साहेब हळूहळू स्टिअरिंगखाली घसरायला लागले. शेवटी एक दोस्त मागं उभा राहून सीटला पाय लावून धरायला लागला. त्यावर हॉलमध्ये जो हशा उठला, तो ऐकून माझ्या कंबरेचं दुखणं थांबलं! बीबीजान हसली नाही. ती डोळे न हलवता बघत होती, उपाशी माणूस ताटाकडं बघतो तसं.

युवराजची गाडी पडद्यावर भिंतीला धडकली. तो उठायला गेला, कंबर धरली, उठता येईना. दोघांनी उपसून काढला. पाहुण्यांपैकी एक जण मोठ्यानं म्हणाला, ‘हे डिझाइन तुमचंच ना?’

युवराजनं माइक घेतला. तोंड लालबुंद. आणि वर्षभर ज्याची वाट बघितली ते नाव त्याच्या तोंडून निघालं.

‘माझं न्हाई हे! परळीच्या कामराननं बनवलंय. कामरान मैनुद्दीन. त्याचंच डिझाइन, त्याचंच काम. मी फक्त विकतो.’

चार माणसांत नाही, चारशे माणसांत. समोर फोन धरलेले, सगळं चित्रित होत होतं. माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मी बीबीजानकडं बघायला भ्यालो. तिनं मागितलं ते तिला मिळालं होतं, आणि ते त्या डगमगत्या लाल सीटवर लिहून मिळालं होतं. लोक आता ‘कामरान, कामरान’ म्हणून हसत होते.

ती उठली. स्टेजवर चढली, युवराजच्या हातातून माइक काढून घेतला.

‘मी बीबीजान. कामरानची आई. ही सीट मी बांधली. कामराननं हिला हातबी लावला न्हाई, तो चाकणला हाय. ह्यांनी जसं मागितलं तसं दिलं. एक टाका कच्चा निघाला तर जीभ कापून देते.’

‘मग सांगायचं न्हाई का, खाला?’ युवराज ओरडला. ‘तुमाला तर सगळं म्हाईत असतं!’

‘मला काय म्हाईत, मी म्हातारी’ असं म्हणून तिला सुटता आलं असतं. लोकांनी मानलंही असतं. पण मग आई लेकाला झाकतेय असंच लोक म्हणाले असते, आणि डाग लेकाच्या नावाला राहिला असता.

‘होतं म्हाईत,’ ती म्हणाली. ‘कुठं वाकंल, कुठं सरकंल, तुझी कंबर कवा धरंल, सगळं म्हाईत होतं. बोलले न्हाई. कावून तर मला तुझी फजिती बघायची होती. आन बघितली.’

माइक तिनं त्याच्या हातात परत दिला. येताना बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. माझ्या मनात लाडू फुटत होते, पण ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

व्हिडिओ दोन दिवसांत परळीभर झाला. कामरानच्या नावावरचा डाग गेला. पण वर्षानुवर्षांचा गिऱ्हाईक गहिनीनाथ, माझ्यासारखाच राखेचा टँकर चालवणारा, दुकानात आला, नव्या सीटचा फोम अंगठ्यानं दाबून बघितला आणि खाली बघत म्हणाला, ‘भाभी, आमच्या टायमाला तर गप्प न्हाई ना बसलात कधी?’

बीबीजान काय सांगणार? भांडले होते म्हणावं तर भांडणाची साक्ष कुठं ठेवलेली असते? गहिनीनाथ सीट न नेताच गेला. मग दुसरे गेले. टँकर दुकानासमोरून थेट पुढं जायला लागले. मी तिला अजूनही चुकलीस म्हणणार नाही. पण फोमच्या ढिगाऱ्याशेजारी ती दिवसभर रिकाम्या हातानं बसायची, ते मला बघवत नव्हतं.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर कामरान दारात उभा राहिला. खांद्यावर बॅग. सलाम नाही, काही नाही.

‘अब्बाच्या पाटीखाली तू असला माल दिलास?’

‘माल चोख होता!’ बीबीजान ताडकन उठली.

‘माल चोख, नियत खोटी!’

‘तुझ्यासाठी केलं मी!’

‘मी सांगितलेलं? त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं आन ते कशावर? तुझ्या त्या जेलीवर!’

‘मग चांगल्या सीटवर घ्यायला लाव की! बांध की चांगली! चाकणात बोल्ट आवळत बसतोस आन मला शिकवतोस?’

आवाज रस्त्यापलीकडं गेला. आधी पंक्चरवाला आला, मग हॉटेलातले ड्रायव्हर आले, त्यांच्यात गहिनीनाथही. कामराननं रागारागानं नमुन्याच्या सीटवरची चादर ओढून फेकली. बीबीजाननं तितक्याच रागानं खडू घेतला आणि फरशीवर ती रेघ काढली, पाठ फोल्ड, चाकं एका टोकाला. कामरान खाली वाकला. ‘चाकं पेडलकडं? डोकं फिरलंय का? वजन सीटकडं हाय. चाकं सीटखाली लाव, पेडलकडून उचल.’

‘मग उचलताना स्टिअरिंग काय तुझ्या तोंडात घालू?’

‘स्टिअरिंगचा दांडा काढता-घालता ठेवायचा!’

‘मग तो हलंल!’

गहिनीनाथ माझ्या कानाशी म्हणाला, ‘आता दुकान चालू झालं,’ आणि आपली सीट मागायला पुढं झाला. बीबीजाननं त्यालाही सोडलं नाही, ढेरी वाढली म्हणून पहिल्यापासून झापला. तो खूश होऊन उभा.

कामरान परत चाकणला गेला नाही. नवी सीट झाली, आणि दारातून आत जाते का ते मी स्वतः टेप लावून मोजलं.

या सगळ्यानंतर काही दिवसांनी युवराज आला. सेंटरला कुलूप लागलं होतं. लाल सीट पिकअपमध्ये मागं पडली होती. दुकानात पाच-सहा ड्रायव्हर, कामरान आत वेल्डिंग करत होता. युवराज उंबऱ्यातच थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘पहिली सीट कामरानची होती. डिझाइन त्याचं होतं. मी पुण्यात खोटं बोललो.’

आत ठिणग्या थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या. कामराननं मास्क वर केला नाही.

बीबीजाननं हात पुसले. ‘या साहेब. बसा जी.’

‘खाला, ही सीट तुमी सांगाल तशी करा. मी काय बोलत न्हाई.’

‘आमी कोण सांगणार, साहेब? गिऱ्हाईक म्हणंल तसं.’

या वेळी युवराजला बरोबर कळलं. तो तिच्यासमोर खाली फोमच्या तुकड्यांवर बसला, शाळेतून आल्यावर बसायचा तसा. ‘खाला, भांडा की माझ्याशी,’ तो म्हणाला. ‘शिव्या द्या. एकदा गधड्या म्हणा.’

तिचे ओठ हलले, मला वाटलं आता म्हणते. मग तिनं थर्मास उघडला, स्वच्छ कप घेतला आणि चहा ओतला.

‘साखर किती घालू, साहेब?’ तिनं विचारलं.